पेवात उतरण्याआधी

सौदे अकराला सुरू होतात.
नऊपासून मी काट्यापाशी,
पोती, सुतळी, सेलम, राजापुरी,
नखांत पिवळं, नाकात पिवळं,
बनियनवर घामसुद्धा पिवळा उमटतो.
बायको म्हणते, एवढी हळद मुरलेल्या माणसाला
रोग होतोच कसा?

होतो.
छातीच्या मधोमध, दुपारी चारच्या सुमाराला,
कुणी चुना कालवत बसल्यासारखं.
रात्री दोनला आंबट पाणी घशाशी.
आधी गुलाबी गोळी, मग पांढरी, मग दोन्ही.

शेवटी अडत्यानंच ढकललं
मगदूमबाईंच्या दवाखान्यात.
गणपती पेठेच्या मागं, अरुंद जिना,
भिंतींना काढ्याचा वास,
बाकावर एक पैलवान, एक बाळंतीण,
आणि रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन मी.

पिशवी त्यांनी बाजूला ठेवली.
बघते नंतर, म्हणाल्या. हात द्या.

तीन बोटं मनगटावर.
मला हसूच आलं.
थोरल्या दिवाणजींच्या काळात
रुमालाखाली अशीच बोटं दाबून भाव ठरायचा,
भोवतीच्या शंभर माणसांना पत्ता नाही.
बाईही डोळे मिटून
माझ्या आतल्या कुणाशी तरी सौदा करत होत्या
आणि आकडा मलाच कळत नव्हता.

मग प्रश्न.
उठता कधी, की उठवावं लागतं?
जेवताना कोण बोलतं, तुम्ही की फोन?
राग आला की गिळता का?
अंगलोट आईची की वडिलांची?
वैशाखातलं ताट आणि पौषातलं ताट
घरी वेगळं असतं का?
आणि शेवटी, सहज, पेन शोधता शोधता:
भूक कधी लागते?

मी म्हणालो, दीडला जेवतो.
ते नाही विचारलं, भूपालराव.

मी तोलाईदार. पोतं नुसतं उचलताना बघून
किलोचा फरक सांगतो.
याचं उत्तर मला देता येईना.

आमचे दादा हरिपूरच्या पेवांवर होते.
जमिनीत खणलेली, तोंड अरुंद, पोट ऐसपैस,
हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड नाही.
पण तोंड उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही.
दादा आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
ज्योत तगली तर माणूस आत.
विझली तर थांबायचं,
वारं खेळू द्यायचं, विडी ओढायची लांब जाऊन.
एकानं घाई केली होती.
त्याचं नाव दादांनी कधी घेतलं नाही.

हे मी बाईंना का सांगितलं कोण जाणे.
सापडलेलं पेन त्यांनी पुन्हा खाली ठेवलं.

"मग मी वेगळं काय सांगू?
आत एक ज्योत आहे, आम्ही तिला अग्नी म्हणतो.
तुम्ही न बघता पोती टाकत आलात.
वात, पित्त, कफ ही भुतं नव्हेत हो,
वारा, ऊन, ओल, शिवारात असतं तेच.
कुणाचं रान काळं, कुणाचं मुरमाड,
पाणी सगळ्यांना एकाच मापानं पाजता का?"

आणि चिठ्ठीवर पहिली ओळ:
मिरजेला जाऊन हृदयाचा आलेख काढून आणा.
मी बघतच राहिलो.
"कंदील सगळीकडे सोडावा," त्या म्हणाल्या.

आलेख ठीक निघाला.
चूर्ण चिमूटभर, पुडी रिकामीच वाटावी इतकं.
बाकी सगळं फुकटचं आणि म्हणून अवघड:
दिवस मावळायच्या आत जेवण,
आई जेवायची तसं.
शिळं आंबट बंद. गाड्यावरची भजी बंद.
फोन फळीवर, पालथा.
पहिला आठवडा मी घरात सगळ्यांवर खेकसलो.

जळजळ गेली म्हणत नाही.
येते अजून, पावणं आल्यासारखी,
पण मुक्कामाला राहत नाही.

काल साडेबाराला, ऐन सौद्यात,
काटा हलत होता, आकडा पुकारायचा होता,
आणि पोटात काहीतरी उघडलं.
कळ नव्हती. आग नव्हती.
मी तसाच उभा, ओळख पटेपर्यंत.

काय झालं ओ, तायाप्पा हमाल म्हणाला,
पाठीवरचं पोतं तसंच तोलत.

थांब जरा, म्हणालो.
भूक लागलीय.